दर्यापूरवालीचं माहेर

अकरा वर्षं मी गयामायच्या दारात गेलो आणि अकरा वर्षांत तिनं मला एक कोंबडी विकली नाही. कोंबडे दिले, अंडी दिली, ताक पाजलं, एकदा माझा फाटलेला खिसासुद्धा शिवून दिला. पण कोंबडी नाही. अमरावतीत माझं गावरान कोंबड्यांचं दुकान आहे. सायकलला दोन बाजूंनी बांबूची डालगी बांधून, गावोगाव फिरून ते मी उभं केलं. बापानं दिलेलं त्यात काही नाही, सायकलसुद्धा नाही. भाव करण्यात मला हरवणारा माणूस अजून जन्मायचा आहे, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. सांगताना वलगावची ती बुढी डोळ्यांपुढं येते आणि माझा आवाज जरा खाली येतो.

वलगावच्या अगदी कडेला तिचं घर होतं. दोन खोल्या, मागं कुडाचं अंगण आणि भिंतीला टेकून लाकडी फळ्यांचं खुराडं. डावीकडच्या घराला कुलूप होतं, माणसं पुण्याला गेलेली. उजवीकडचं घर कोणीतरी घेऊन त्यात खताच्या गोण्या ठेवल्या होत्या. म्हणजे दोन्ही बाजूंना भिंती होत्या, माणसं नव्हती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा प्रकाश अकोल्याला नोकरीला. गयामाय अंगानं बारकी, कमरेत वाकलेली. हिवाळ्यात नऊवारीवर मुलाचा जुना शाळेचा मरून स्वेटर घालायची आणि कान दुपट्ट्यानं बांधायची. त्यामुळे तिला निम्मं ऐकू यायचं नाही. आणि भावाची गोष्ट निघाली की उरलेलं निम्मंसुद्धा यायचं नाही.

पहिल्या दिवशीच मी तिच्या अंगणातली एक भरलेली, तांबूस कोंबडी हेरली आणि विचारलं, "माय, ही केवढ्याले?"

"ते मूर्तिजापूरची हाय," ती म्हणाली.

मला वाटलं, बुढी भाव चढवायला जात सांगते आहे. मी म्हटलं, मूर्तिजापूरची असो की मुंबईची, आकडा सांग. तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर लग्नात नवरीची किंमत विचारली.

"सुनेचा भाव सांगतेत का रे बाबू कोणी?"

मग हळूहळू कळलं. आमच्याकडे घरात आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावानं ओळखतात. अचलपूरवाली, चांदूरवाली, दर्यापूरवाली. सासरी तिचं खरं नाव कोणाच्या ध्यानात राहत नाही. गयामायनं कोंबड्यांना तोच नियम लावला होता. बाजारातून तिनं कधी कोंबडी आणली नाही. घर पाहून आणायची. बहीण मूर्तिजापूरची, तिथून एक. हरभरा सोंगायला धारणीकडून दरवर्षी बाया उतरायच्या, त्यातल्या एकीशी तिची गट्टी, तिच्याकडून एक. दर्यापूरला तिची लहानपणची मैत्रीण शांता, तिच्याकडून एक. एखादी म्हातारी होऊन गेली, की त्याच घरून दुसरी यायची आणि तिचं नाव पुन्हा तेच. अंगणातच जन्मल्या त्या लेकी. लेकी ती गावातल्या घरांत "द्यायची", पाळण्यासाठी, सोबत मूठभर ज्वारी बांधून. आणि कोंबडे मला विकायची, तेही खुशाल.

मी एकदा विचारलं, कोंबडे तुझे कोणीच नाहीत का? ती म्हणाली, "पोट्टे काय घरात राहतेत? ते जातेतच. सून राह्यते." हे बोलणाऱ्या बाईची स्वतःची सून अकोल्याला होती आणि दिवाळीला दोन दिवस यायची.  

तिच्याकडे मी जास्त जायचो तो हिवाळ्यात. थंडी पडली की अमरावतीत गावरान अंड्यांसाठी माणसं भांडतात, आणि नेमकी तेव्हाच कोंबडी अंडी द्यायला हात आखडता घेते. त्यामुळे गयामायचा हिवाळ्यातला दिवस मला पाठ झाला. भिंतीवर ऊन आल्याशिवाय ती खुराडं उघडत नसे. आतून कितीही कलकल होवो, ती म्हणायची, दम धरा, माह्या बायाहो, सूर्याचं अजून दात घासणं चालू हाय. आधी मातीच्या परळात कोमट पाणी, त्यात चिमूटभर हळद. मग चुलीतली गरम राख अंगणाच्या कोपऱ्यात पसरायची. कोंबड्या त्यात लोळत, पंख फुगवून राख अंगभर घेत, आणि ती बाजूला पाटावर बसून राही, न्हाणीघराबाहेर सासू बसावी तशी. दुपारी खुराड्यात अंथरलेलं कुटार, म्हणजे भुसा, काढून उन्हात टाकायचं, कोरडं झालं की परत आत. संध्याकाळी तव्यावर ज्वारी जराशी गरम करून प्रत्येकीपुढे टाकायची. पोटात दाणा असला की रात्र सरते, हे तिचं वाक्य. ते ती कोंबड्यांबद्दल बोलायची. तिच्या चुलीवर मात्र मी संध्याकाळची भाकर क्वचितच पाहिली.

सगळ्यात शेवटी फळी लावायची, वरून पोतं सोडायचं, आणि मग ती एक गोष्ट करायची. उजव्या हाताचा तळवा फळीवर टेकवून उभी राहायची. आतली कुरकुर, ढकलाढकली, पंखांचा आवाज, सगळं हळूहळू बसत जायचं. शेवटचा आवाज बंद झाला की ती हात काढायची. पाच मिनिटं लागोत की पंधरा. मला घाई असायची, मी बाहेरून ओरडायचो. ती दुसरा हात मागं करून, गप बस, अशी खूण करायची. एकदा मी चिडून विचारलं, काय ऐकते तिथं? म्हणाली, "ऐकत नाही बाप्पा. घरात माणसं झोपली, हे हाताले समजते."

तिला मी सुधारायचाही प्रयत्न केला. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांकडून ऐकलं होतं की हिवाळ्यात दिवस लहान म्हणून अंडी कमी. उजेड वाढवला की अंडी वाढतात. एका संध्याकाळी मी वायर, होल्डर आणि बल्ब घेऊन गेलो, तिला न विचारता खुराड्यात लावला आणि बटण दाबलं. कोंबड्या वरातीत आल्यासारख्या डोळे मिचकावायला लागल्या. मी खूष. चार दिवसांनी गेलो तर बल्ब तिच्या देव्हाऱ्याशेजारी, फडक्यात गुंडाळून ठेवलेला. खुराड्यात नेहमीसारखा अंधार.

मी कारण विचारलं. ती शांतपणे म्हणाली, दिवसभर राबून आलेल्या बाईला रात्रभर दिवा लावून जागवायचं, आणि वर म्हणायचं, अजून दे. असं सासर तिनं पाहिलं आहे. तिच्या अंगणात ते नाही. मग बल्ब माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुह्या दुकानात लाव. तुले लय अंडे पायजेत."

आता माझा राग. तो मी लपवत नाही, आणि तो अजून गेलेला नाही.

एका हिवाळ्यात मला एक सुंदर कोंबडी मिळाली. काळी, मानेवर सोनेरी झाक, छाती भरदार. दुकानात ती तासाभरात गेली असती. मी ती कोणाला दाखवली नाही. मनात आलं, ही गयामायला द्यावी. फुकट. बायकोला सांगितलं तर ती माझ्याकडे पाहतच राहिली, कारण मी फुकट काही देतो हे तिनं लग्नानंतर प्रथमच ऐकलं. मी कोंबडी डालग्यात घालून वलगावला गेलो. गयामाय कुडापाशीच उभी होती, समोर नळावर चार बाया पाणी भरत होत्या. मी डालगं वर केलं आणि म्हटलं, माय, तुझ्यासाठी सून आणली.

तिनं फाटकाची कडी काढलीच नाही. कोंबडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "पौष चालू हाय. पौषात सून घरात घेतेत का? पौष निघाल्यावर घेऊन ये."

नळावरच्या बाया हसल्या. मी फाटकाबाहेर, हातात डालगं, आणि ती आत. आयुष्यात पहिल्यांदा हात सैल सोडला आणि तो असा हवेत राहिला. मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटचं एवढं आठवतं की तुझ्या सुना तुलाच लखलाभ, मी आता या वाटेला येत नाही, असं म्हणून निघालो.

ती काळी कोंबडी तिसऱ्या दिवशी दुकानात मान वाकडी करून गेली. मानमोडीची साथ. तिच्यासोबतच्या पिंजऱ्यातल्याही गेल्या. त्या हिवाळ्यात वलगावातली बरीच खुराडी रिकामी झाली. गयामायचं भरलेलं राहिलं. म्हणजे नवी कोंबडी थंडीत आत न घेण्याचं तिचं बरोबर होतं. पण माणूस बरोबर असला म्हणून त्यानं केलेला अपमान पुसला जात नाही. फाटक उघडून, आत बसवून, चहा देऊनही तिला पौष सांगता आला असता. दोन महिने मी गेलो नाही. मग गेलो, कारण कोंबडे दुसरीकडे तसे मिळेनात. तिनं काही झालंच नाही अशा थाटात ताक दिलं आणि विचारलं, ती काळी हाय का? मी म्हटलं, विकली. ती म्हणाली, बरं.

तिचा मुलगा प्रकाश वाईट माणूस नाही. दर महिन्याला यायचा आणि प्रत्येक वेळी म्हणायचा, माय, चल अकोल्याला. तिचं उत्तर ठरलेलं होतं. कोंबड्यांना कोण पाहील? ते ऐकून तो पिशवी उचलून परत जायचा. मी दोनतीनदा हे संभाषण ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं, की गयामाय कोंबड्या सांभाळते हे अर्धंच खरं आहे. त्या चारपाच कोंबड्याच तिला या घरात धरून ठेवत होत्या. जोवर संध्याकाळी फळी लावायची आहे, तोवर तिला इथून कोणी उठवू शकत नव्हतं. खुराडं रिकामं झालं, की घरही गेलं. तिलाही हे पक्कं माहीत होतं. म्हणून एखादी कोंबडी नुसती शिंकली तरी ती रात्रभर बसून राहायची.

गेल्या पौषात हिव फार पडलं. तिच्या डोळ्यांवर मोतिबिंदू उतरलेला. संध्याकाळी ती खुराड्याजवळ घमेल्यात निखारे ठेवायची, वर राख टाकून. त्या दिवशी घमेलं हातभर जवळ ठेवलं गेलं आणि वरून सोडलेलं पोतं पेटलं. खताच्या गोण्या उतरवणारे हमाल शेजारी होते म्हणून बरं. त्यांनी धावून विझवलं. कोंबड्या सगळ्या वाचल्या, कारण गयामायनं पेटती फळी हातानं ओढून काढली. उजवा तळवा भाजला.

दुसऱ्या दिवशी प्रकाश आला. या वेळी तो विचारायला आला नव्हता. ती म्हणाली, पौष तरी निघू दे. तो हळूच म्हणाला, "पौषात सून आणत नाहीत, माय. मायले न्यायले काही हरकत नाही." तिच्याच मापानं तिला मोजलं. 

मला गयामायचा निरोप आला. मी कबूल करतो, की माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता विकणार. वाटभर मी भाव ठरवत गेलो. कमी सांगायचा नाही, पण पहिला आकडा तिच्या तोंडून काढायचा. पोचलो तर अंगणात तीन डालगी मांडलेली. तीन सुना, प्रत्येकीच्या पायाला वेगळ्या रंगाचा दोरा, प्रत्येक डालग्याला ज्वारीची लहान पुरचुंडी. लेकी तिनं सकाळीच गावात देऊन टाकल्या होत्या. ती भाजल्या हाताला फडकं गुंडाळून पाटावर बसली होती.

"हे लाल दोऱ्याची धारणीची. पिवळी मूर्तिजापूरची. हिरवी दर्यापूरची. जिची तिच्या माहेरी पोचवून दे."

 मी भडकलो. धारणी म्हणजे काय शेजारचं गाव आहे? मेळघाटातला घाट, तो रस्ता, टेम्पोचं पेट्रोल, दुकान बंद, आणि हे सगळं एका कोंबडीसाठी? आणि मला काय मिळणार? सांगितलं असतं तर या तिघींना मी चांगल्या घरी दिलं असतं. बाकी कोणाला सांग. गावात माणसं मेली आहेत का? मी बराच वेळ बोललो. ती ऐकत होती. त्या दिवशी कान बांधलेले नव्हते.

मी थांबल्यावर ती म्हणाली, "सगळ्याईले इचारलं. सगळे हो म्हणाले. एका दमात. जे एका दमात हो म्हणतेत, ते वाटंत कापून खातेत. तू भांडून राहिला. म्हणजे तू नेशीन."

मी डालगी उचलली. दुसरं काय करणार? अकरा वर्षांनी तिच्या अंगणातून कोंबड्या माझ्या हातात आल्या, आणि एकही माझी नव्हती.

मूर्तिजापूरची सोपी होती. बहिणीनं डालगं घेतलं, तोंडावर पदर लावला आणि आत गेली. धारणीला मी पहाटे निघून पोचलो. तिथल्या बाईला माझी भाषा अर्धी कळत होती, मला तिची अर्धी. लाल दोरा पाहून तिला सगळं कळलं. तिनं विचारलं, गया जिवंत आहे ना? मी हो म्हटल्यावर मग हसली. मला जेवू घातलं. परत येताना घाटात थंडीनं हात स्टिअरिंगवर बसत नव्हते आणि मी गयामायला मोठ्यानं शिव्या देत होतो. गाडीत ऐकायला कोणी नव्हतं.

दर्यापूरला मी शेवटी गेलो. सांगितलेल्या गल्लीत शांताबाईचं घर विचारलं. शेजारच्यानं दाखवलं. घराच्या जागी पत्र्याचं शेड, आत ट्रॅक्टर. शांताबाई वारली, म्हणाला, मुलांनी घर विकून टाकलं. मी हातात डालगं घेऊन ट्रॅक्टरपुढे उभा राहिलो. आतली कोंबडी डोकं बाहेर काढून इकडं तिकडं पाहत होती. तिला तिथलं काही आठवत असेल असं मला वाटत नाही.

दुकानात आणून पिंजऱ्यात ठेवली. तासाभरात एका गिऱ्हाइकानं नेमकी तीच दाखवली. मी असा भाव सांगितला की तो हसला. त्यानं निम्मा सांगितला. मी म्हटलं, विकायची नाही. तो म्हणाला, मग दुकानात काय पूजेला ठेवली? मी ती संध्याकाळी घरी नेली आणि गच्चीवर ठेवली. बायको म्हणाली, म्हणजे अकरा वर्षांनी का होईना, एक मिळाली म्हणायची.

माघात मी अकोल्याला कामासाठी गेलो होतो, तेव्हा प्रकाशच्या घरी गेलो. तिसरा मजला, स्वच्छ घर. गयामाय गॅलरीच्या दाराशी खुर्चीत बसली होती, अंगात तोच मरून स्वेटर. सूनबाईनं चहा दिला, चांगलं बोलली. सगळं चांगलं होतं. दिवसभर बोलायला कोणी नव्हतं इतकंच. गॅलरीतून समोरच्या इमारतीची गॅलरी दिसत होती.

तिनं एकेक विचारलं. धारणीवाली? पोचवली. मूर्तिजापूरवाली? पोचवली. बहिणीनं पदर लावला तेही सांगितलं.

"अन् दर्यापूरवाली?"

"पोचवली."

"कोणाच्या हाती देल्ली?"

"शांताबाईच्या."

ती स्वेटरचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत राहिली. "शांताले जाऊन दोन वर्सं झाले, बाबू. तिच्या तेरवीले गेलती मी."

माझं डोकं सणकलं. हातातला कप मी आदळूनच ठेवला. "माहीत होतं तर मले ट्रॅक्टरपुढं काहून उभं केलं?"

"तुले सरळ देल्ली असती, तर तू भाव केला असता."

 तिनं विचारलं, हाय कुठं? मी म्हटलं, माझ्या गच्चीवर. पौषातच घरात घेतली ना? घेतली. पहिले काही दिवस येगळी ठेवली होती? मी मान हलवली. ठेवली होती, इतक्या वर्षांत एवढं शिकलो होतो, पण ते तिच्यापुढे कबूल करायला मला जड गेलं.

"मंग पोचली," ती म्हणाली. मग म्हणाली, "आता तिले दर्यापूरवाली नोको म्हणू. तुह्या घरी ते वलगाववाली."

मी निघायला उठलो तेव्हा पाच वाजून गेले होते. समोरच्या इमारतीवरचं ऊन गेलं आणि हवा एकदम गार झाली. गयामायही उठली. मला वाटलं, दारापर्यंत पोचवायला येते आहे. पण ती गॅलरीकडे वळली. तिनं गॅलरीचं दार ओढलं, कडी लावली, पडदा सोडला, आणि पडद्याखालून हात घालून तळवा दाराच्या फळीवर टेकवला. भाजलेला तळवा आता गुळगुळीत, गुलाबी झाला होता.

मी चपला घालून दाराशी थांबलो. घाई होती, दुकान बंद करायच्या वेळेला अमरावती गाठायची होती. मी हाक मारणार होतो. तिनं दुसरा हात मागं करून खूण केली, गप बस.

मी उभा राहिलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दारापलीकडे काहीच नव्हतं, त्यामुळे शांत व्हायला काही नव्हतं. तिचा हात काही निघाला नाही. शेवटी मीच आवाज न करता जिना उतरलो.